बासरीवाला श्वास कधी घेतो?

गणपतीत मंगळवार पेठेत आमचा भक्तिगीतांचा कार्यक्रम होता. बासरीवाला दुपारीच तापानं फणफणला आणि त्याचे सगळे पीस कीबोर्डवर माझ्याकडे आले. टोन चांगला होता, सूर कुठं चुकला नाही. तरी खाली उतरल्यावर ढोलकीवाले मामा म्हणाले, "आवाज झ्याक हाय, पण तुझा बासरीवाला श्वास कवा घेतोय रं?"

मामांचं खरं होतं. पट्टी दाबून धरली की कीबोर्ड वाजतच राहतो. माणसाची फुंक एवढी कुठून टिकणार?

तेव्हापासून बासरीचा पीस वाजवताना मी स्वतः फुंकतो, ओठ जवळ आणून, हळू. दम संपला की बोट उचलायचंच. आवाजाचा चढउतार एक्स्प्रेशन पेडलवर घेतो. स्वर लावताना पेडल निम्मं, मग भरत न्यायचं. सोडताना आधी पाय मागे, मग बोट वर. हा क्रम चुकला की बासरीची पेटी होते. यामाहानं १९८३ च्या डीएक्स७ सिंथेसायझरला तोंडात धरून फुंकायच्या ब्रेथ कंट्रोलरची सोय दिली होती. माझ्याकडे ते नाही, म्हणून ते काम पायाकडे.

सगळ्यात छळलं ते मींडेनं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यानं. भूप रागातली सां-ध घ्या, वरच्या सा वरून खाली धैवतावर. पिचबेंडची, म्हणजे सूर वर-खाली ओढायच्या चाकाची रेंज बहुतेक कीबोर्डवर मुळात २ सेमीटोन, म्हणजे दोन अर्धे सूर असते. चाक पूर्ण खाली ओढलं तरी सांवरून कोमल निषादावर येऊन अडकतं, आणि भूपात तर निषादच नाही! रेंज ३ केली की धैवत सापडतो, पण मग अंगठा जरा हलला तरी सूर ढळतो. शिवाय चाक सोडलं की स्प्रिंगनं परत सां. म्हणून धैवतावर चाक धरून ठेवायचं, पेडल पूर्ण मिटवायचं, बोट उचलायचं आणि मगच चाक सोडायचं. तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून दोन महिने मी ही एवढीच मींड घासली.

लग्नात लोक सनई मागतात, तिला मी नाही म्हणतो. पत्तीवरची ओठांची पकड बदलली की सनईचा रंगच बदलतो, तो माझ्या पायात नाही. सनईवाल्यालाच बोलवा म्हणून सांगतो.

परवा रंकाळ्याजवळच्या कार्यक्रमात तो भूपातला पीस पुन्हा आला. सां लावला, धैवतावर उतरलो, दम संपला, बोट उचललं. त्या रिकाम्या जागेत मामांनी ढोलकीवर हलकीच एक थाप टाकली.