दोन पावत्यांमधली तेवीस मिनिटं

डांबरीकरणाच्या कामाचं शेवटचं बिल संध्याकाळपर्यंत पास करा, असा वरून निरोप होता. दर टनावर ठरलेला. पावत्या तपासता तपासता आमचा नवा लिपिक उठून माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, ही गाडी तेवीस मिनिटांत परत कशी आली?"

त्याच्या हातात वजनकाट्याच्या दोन पावत्या होत्या. ट्रक एकच. भरलेलं वजन एकदा १०:४२ ला, पुन्हा ११:०५ ला. प्लांटवरून कामाच्या जागी नुसतं पोचायलाच तास लागतो. शिवाय त्या दिवसाच्या सगळ्याच खेपांना रिकाम्या ट्रकचं वजन ११,२४० किलो. डिझेल जळतं तसं ते थोडं तरी हलायला हवं. पण एवढ्यावर मी संशय घेतला नसता. कित्येक काट्यांवर रिकाम्या गाडीचं वजन एकदाच घेऊन साठवतात, मग तेच दर पावतीवर छापून येतं. वेळेचं मात्र काही केल्या जुळेना.

मग मोजमाप पुस्तिका उघडली. लांबी २,००० मीटर, रुंदी ५.५ मीटर, थर ५० मिलिमीटर, म्हणजे ५५० घनमीटर. दाबून बसवलेलं मिश्रण घनमीटरला साधारण २.३५ टन भरतं. सगळं मिळून १,३०० टनांच्या आत. बिल होतं १,६१० टनांचं. नासाडी कितीही सढळ हाताने धरली तरी एवढा फरक निघत नाही.

साइटवरचे अभियंता समोरच बसले होते. "थांबा, कंत्राटदाराला फोन लावून विचारतो," म्हणत त्यांनी मोबाईल काढला. "कोणालाही फोन करायचा नाही!" माझा आवाज चढलाच. अशी प्रकरणं या एका फोनवर मरतात. 'चुकून लागलेल्या' पावत्या परत जातात, दुरुस्त पावत्या येतात आणि तपासायला हातात काही उरत नाही. शिवाय माल मिळाल्याची सही प्रत्येक पावतीवर त्यांचीच होती. ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

मूळ पावत्यांवर पेन्सिलची खूणही करू दिली नाही. छायाप्रती काढल्या, क्रमांकांची यादी केली, मूळ पावत्या पाकिटात घालून सील केल्या. दक्षता विभागाच्या पत्रात 'फसवणूक' हा शब्द लिहिला होता, तो खोडला. ते ठरवणं माझं काम नव्हतं. क्रमांक, वेळा आणि टनांचा हिशेब, एवढंच ठेवलं. मोजमापाशी जुळणारी रक्कम द्यावी, वरचे टन रोखावेत, अशी शिफारस केली. सगळंच बिल अडवलं असतं तर मजुरांची मजुरी लटकली असती.

सात वाजले तरी तो मुलगा घुटमळत होता. "मॅडम, यात माझं नाव येईल का?"

मी पत्र त्याच्यापुढे सरकवलं. 'लेखा शाखेच्या तपासणीत आढळले', खाली माझी सही. त्याने ते दोनदा वाचलं. पाकिटावर साक्षीदाराची सही हवी होती. ती मी दुसऱ्या शाखेच्या अधीक्षकांकडून घेतली.