तुम्ही विचारलंत म्हणून: किडनीत चरबी दिसली, म्हणजे काय?

पेशंट रिपोर्ट हातात धरून हे विचारतात आणि रेडिओलॉजीचे नवे रेसिडेंटही. दोघांना माझं उत्तर एकच असतं: नुसती ‘चरबी आहे’ एवढ्याने काही ठरत नाही. ती कुठे आहे आणि तिच्याशेजारी किडनी किती उरली आहे, ते आधी बघायचं.

किडनीच्या मधल्या पोकळीत थोडी चरबी प्रत्येकालाच असते. वय, वजन, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स यांनी ती वाढते. बाहेरचा काम करणारा थर जाड असेल तर काळजीचं कारण नाही. पण तोच थर पातळ होऊन जेमतेम उरलाय, आत खडा आहे आणि सगळीकडे चरबी पसरलीय, तर ती रिप्लेसमेंट लायपोमॅटोसिस. खड्याने आणि वारंवारच्या संसर्गाने किडनी झिजत जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत चरबी भरते. बहुतेकदा एकाच बाजूला.

खरी गफलत होते ती झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिसशी, म्हणजे किडनीच्या एका जुनाट, किडनी पोखरणाऱ्या संसर्गाशी. तिथेही मोठा, फांद्या फुटलेला खडा असतो, तिथेही किडनी बंद पडलेली असते. मात्र ती सुजून मोठी झालेली असते आणि आतले काळसर कप्पे अस्वलाच्या पंजासारखे मांडलेले दिसतात. डोळ्याला ती चरबीच वाटते. म्हणून सीटीवर त्या कप्प्यांचा एचयू (हाउन्सफील्ड युनिट, म्हणजे सीटीवर घनता सांगणारा आकडा) मोजायचाच. पाणी 0, निखळ चरबी उणे 100 च्या आसपास. हे कप्पे बहुधा पाण्याच्या जवळपास भरतात, कारण आत पू आणि चरबी गिळून फुगलेल्या पेशी असतात.

गाठ असेल तर कॉन्ट्रास्टशिवायच्या (शिरेतून औषध न देता काढलेल्या) सीटीत, पातळ स्लाइसवर, उणे 10 च्या खालचा आकडा शोधायचा. तो मिळाला तर बहुधा अँजिओमायोलायपोमा, म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली गाठ. 4 सेंटिमीटरच्या पुढे मात्र रक्तस्रावाची भीती वाढते. सोनोग्राफीत ही गाठ पांढरीशुभ्र दिसते, पण छोटे कॅन्सरही तसे दिसू शकतात, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. चरबीसोबत कॅल्शियम दिसलं तर कॅन्सरचा संशय धरावाच.

आणि किडनीला खेटून चरबीचा भलामोठा गोळा असेल, तर मी तासभरही किडनीची कड बघत बसेन. कडेला खाच पडलीय आणि तिथून रक्तवाहिनी गोळ्यात शिरतेय, तर तो किडनीतूनच वाढलेला अँजिओमायोलायपोमा. कड गुळगुळीत, किडनी नुसती बाजूला ढकललेली, तर लायपोसार्कोमाचा, म्हणजे चरबीच्या कॅन्सरचा, विचार आधी.