जा की!

परवा दुपारी ताईला मेसेज केला, "रविवारी यायला जमेलसं वाटत नाही. चालेल ना?" लगेच उत्तर आलं, "चालेल." शब्द एकच, पण पुढे पूर्णविराम. ताईच्या मेसेजमध्ये एरवी स्वल्पविरामसुद्धा सापडत नाही, सगळं एका दमात असतं. टिंब झाकून वाचलं तर चालणार होतं. टिंबासकट वाचलं तर अजिबात नाही.

हा माझ्या एकटीचा विक्षिप्तपणा नव्हे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२६ विद्यार्थ्यांना अशीच एकेका शब्दाची उत्तरं वाचायला दिली होती. मेसेजच्या शेवटी टिंब असलं की तो त्यांना कमी मनापासूनचा वाटला. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र टिंबाने काही बिघडलं नाही.

आईला टिंबाची गरज नव्हती. बाहेर ऊन रणरणत असायचं, आम्ही एका पायात चप्पल अडकवून दारात उभे, आणि ती खाली मान घालून कपड्यांच्या घड्या करत असायची. "खेळायला जाऊ?" ती म्हणायची, "जा की. मी कोण अडवणारी?" आणि शर्टाची नीट बसलेली कॉलर पुन्हा एकदा तळव्याने दाबायची. त्या कॉलरीकडे बघून मी आणि ताई मुकाट्याने चपला काढायचो. धाकटा भाऊ मात्र 'जा' एवढंच ऐकायचा आणि जायचा! संध्याकाळी घामाघूम होऊन परतला की म्हणायचा, "तूच म्हणालीस ना, जा." यावर आईकडे उत्तर नसायचं. आमच्याकडे तर त्याहून नसायचं.

परवानगीच्या वेषातली ही मनाई बरीच जुनी. गाथासप्तशतीत एक बाई नदीकाठी फिरणाऱ्या धर्मभोळ्या माणसाला सांगते, बाबा, आता खुशाल हिंड. तुला भिववणारं ते कुत्रं गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारलं. ती झाडी म्हणजे तिची प्रियकराला भेटायची जागा. 'हिंड' म्हणताना तिला 'फिरकू नकोस' म्हणायचंय. महाराष्ट्री प्राकृतातली ही गाथा नवव्या शतकात थेट काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने उचलली, ध्वनी म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ कशाला म्हणतात ते दाखवायला. लगेच पुढचं उदाहरण उलटं. रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातली सून बजावते, सासूबाई इथे झोपतात, मी इथे, उजेड आहे तोवर नीट बघून ठेव, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन आदळू नकोस हो! सगळी मनाईच, आणि पत्ता बिनचूक.

मला या बायकांचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. पकडलं कोणी तर दोघीही साळसूदपणे म्हणू शकतात, "मी कुठे असं म्हटलं?" सुचवलेल्या गोष्टीची हीच तर सोय. बोलणारा नामानिराळा, आणि समजून घेतल्याचा भार ऐकणाऱ्यावर. समंजस माणसं जन्मभर हा भार वाहतात, आणि भावासारखी माणसं खेळून येतात. खरं सांगायचं तर त्याला कळत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

बाबांच्या शेवटच्या आजारात डॉक्टर फाइल मिटत म्हणाले, "आता पथ्य काही नाही. घरी न्या, त्यांना हवं ते खाऊ द्या." ताईने तर आनंदाने माझा हात दाबला.

"किती दिवस?" भावाने विचारलं.