शिकाऊ कामगाराचा खर्च कोणाच्या माथी?

एखाद्या देशाचे कौशल्य धोरण वाचायला घेतले की अभ्यासक्रमाची पाने मागाहून चाळावीत. आधी पैशाचा मार्ग शोधावा: तो कोणाकडून येतो, कोणाला मिळतो आणि काय मोजून दिला जातो. नव्वद टक्के कागद उत्तमच लिहिलेला असतो. धोरण फसते ते या तीन ठिकाणी.

मूळ अडचण जुनी आहे. एका कारखान्याने मुलाला तीन वर्षे वेल्डिंग शिकवले, साहित्य वाया घालवू दिले, एक जुना कारागीर त्याच्यामागे उभा केला. मुलगा तयार झाला की शेजारचा कारखाना थोडा जास्त पगार देऊन त्याला घेऊन जातो. ज्याने शिकवले तो तोट्यात, ज्याने पळवले तो फायद्यात. मग हळूहळू सगळेच शिकवणे थांबवतात आणि 'कुशल माणसे मिळत नाहीत' अशी तक्रारही सगळेच करतात. यावर तोडगा म्हणजे उमेदवारीच्या, म्हणजे कामावर राहून शिकण्याच्या, काळात पगार कमी ठेवून खर्चाचा वाटा शिकणाऱ्यानेही उचलायचा. पण तो कमी पगार कशाच्या भरवशावर घेईल? शेवटी मिळणारा दाखला दुसऱ्या मालकालाही मान्य असेल, तरच.

जर्मनीच्या उमेदवारी व्यवस्थेचे खरे बळ इथे आहे. १९६९ च्या कायद्याने तिला देशभर एक चौकट दिली. सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय, बहुतेकांची मुदत तीन ते साडेतीन वर्षे, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत आणि बाकीचे कामावर. शाळेचे दिवस काही ठिकाणी सलग आठवड्यांत गोळा करतात. अंतिम परीक्षा शिकवणारी कंपनी घेत नाही, व्यापार-उद्योगांची किंवा कारागिरांची चेंबर, म्हणजे त्यांची अधिकृत संघटना, घेते. परीक्षा समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात, शिवाय व्यवसाय शाळेचा किमान एक शिक्षक. ही रचना रटाळ वाटते, पण दाखल्यावरचा विश्वास तिच्यामुळेच टिकतो. ही शाळा अधिक कामाची दुहेरी पद्धत उचलायला निघालेले देश कामावरचे दिवस उचलतात आणि ही समिती मागे सोडतात. मग कंपनीच शिकवते, कंपनीच पास करते आणि तो कागद फाटकाबाहेर कोणी विचारत नाही.

स्वित्झर्लंडचा हिशेब आणखी बोलका आहे. तिथे सरासरी कंपनीचा शिकवण्याचा खर्च उमेदवारीच्या काळातच भरून निघतो. जर्मनीत मुदत संपताना सरासरी कंपनीच्या अंगावर निव्वळ खर्च उरतो. तफावतीची कारणे मुख्यतः दोन. स्विस उमेदवार सरावाचे तुकडे घासण्यापेक्षा विकल्या जाणाऱ्या मालाच्या कामावर जास्त वेळ असतो, आणि कुशल कामगाराच्या तुलनेत त्याचा पगार कमी असतो. जर्मन कंपन्या तरीही शिकवतात, कारण माणूस टिकला की बाहेरून कोणी शोधण्याचा आणि रुळवण्याचा खर्च वाचतो.

खर्च वाटून घेण्याचा दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या कंपन्यांवर कर. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून ३० लाख पौंडांच्या वर पगारखर्च असलेल्या मालकांवर अर्ध्या टक्क्याचा उमेदवारी कर लावला. भरलेले पैसे प्रशिक्षणावर वापरायचे, नाहीतर २४ महिन्यांनी ते हातचे जाणार, असा तेव्हा नियम होता. मोठ्या कंपन्यांनी त्यातून आधीच नोकरीत असलेल्या लोकांना, अगदी व्यवस्थापकांनाही, वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांना बसवले. पहिल्या पायरीवरच्या तरुण उमेदवारांच्या जागा आटल्या. मला हे फार लागते, कारण ज्यांच्यासाठी कर लावला तेच दाराबाहेर राहिले. पैसा 'प्रशिक्षणासाठी' म्हणून राखून भागत नाही. कोणत्या वयाच्या, कोणत्या पातळीच्या माणसासाठी, हेही नियमात बांधावे लागते.

तिसरा मार्ग शिकणाऱ्याच्या हातात पैसे देण्याचा. इंग्लंडने सप्टेंबर २००० मध्ये वैयक्तिक शिक्षण खाती सुरू केली; त्यातून शिकणाऱ्याच्या फीचा वाटा सरकार भरी. प्रशिक्षण देणाऱ्यांची छाननी जवळजवळ नव्हतीच आणि नाव नोंदले की त्यांना पैसे. शिकवणी न होताच रकमा उचलल्या गेल्या आणि नोव्हेंबर २००१ मध्ये योजना बंद करावी लागली. हप्ते तोडून देणे हा साधा उपाय आहे: थोडे प्रवेशावर, बरेचसे बाहेरच्या परीक्षेवर, उरलेले काही महिने कामावर टिकल्यावर. मात्र शेवटचा हप्ता फार मोठा ठेवला तर संस्था सोपी मुले निवडतात आणि जास्त मदत लागणाऱ्यांना टाळतात. त्यांच्यासाठी दर वेगळा ठेवावाच लागतो.

समाजावरचा परिणाम मुलांची वाट कोणत्या वयात ठरते यावर अवलंबून असतो. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षाच्या आसपास, पुढच्या शिक्षणाकडे किंवा व्यवसायाकडे नेणाऱ्या वेगवेगळ्या शाळांत मुलांची विभागणी होते, आणि त्या वयात गुणांपेक्षा घरची परिस्थितीच जास्त बोलते. फिनलंडने १९७२ ते १९७७ या काळात भागाभागाने ही विभागणी सोळाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली. त्यानंतरच्या पिढीत बापाच्या आणि मुलाच्या कमाईतला सांधा सैल झाल्याचे अभ्यासांत दिसले. स्वित्झर्लंडने १९९० च्या दशकात उमेदवारांसाठी उच्च शिक्षणाकडे नेणारी व्यावसायिक मॅच्युरिटी परीक्षा आणली, म्हणून तिथे हुशार मुलगाही निर्धास्तपणे कारखान्यात शिकायला जातो.

अगदी अरुंद व्यवसाय शिकलेला माणूस विशीत लवकर कामाला लागतो, पण यंत्रे बदलली की पन्नाशीत अडकतो. त्यामुळे गणित, वाचन, कामाचा नकाशा (ड्रॉइंग) समजणे यांचे तास उमेदवारीतून कापू नयेत. काटछाट मात्र नेहमी तिथूनच सुरू होते. आणि पंचेचाळिशीच्या कामगाराला पुन्हा शिकवायचे असेल तर फी माफ करून तो येत नाही. वर्गात बसलेल्या महिन्यांचा त्याचा पगार बुडतो, आणि ती रक्कम फीच्या कितीतरी पट असते.