एका दगडात चार खनिजं

प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या कपाटात एक मोठा दगड असायचा. जळगाव भागात विहीर खोदताना सुरुंगाने फुटलेला, कुणा पालकांनी शाळेला दिलेला. बाहेरून नेहमीचा काळा पाषाण, आतल्या पोकळीत स्फटिकच स्फटिक. आम्ही मुली त्या सगळ्यालाच गारगोटी म्हणायचो. विज्ञानाच्या सरांनी त्यातली चार खनिजं आम्हाला वेगळी काढायला लावली, तीही आधी नावं न सांगता.

रंगावर जायचं नाही, ही त्यांची पहिली अट. "आधी ओरखडून बघा, मग बोला." त्या दगडाचे सुटे तुकडे ते एका ताटलीत ठेवत. एका तुकड्यावर चाकूच्या टोकाने सहज रेघ उठायची, तो कॅल्साइट, कठिनता 3 (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण). स्टिल्बाइट जरा कठीण, 3.5 ते 4. अपोफायलाइटवर जोर लावावा लागे, 4.5 ते 5. आणि खरी गारगोटी, म्हणजे क्वॉर्ट्‌झ, 7. तिच्यावर चाकूचं काही चालत नसे, उलट तीच काचेवर ओरखडा काढायची.

मग फुटण्याची तऱ्हा. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतो आणि लहानातला लहान तुकडाही तिरक्या चौकटीचाच निघतो. क्वॉर्ट्‌झला पाटन, म्हणजे ठरावीक दिशेने सपाट सुटणं, नाही, ते वेडंवाकडं फुटतं. अपोफायलाइट मात्र एकाच दिशेने सपाट सुटतो, आणि त्या पृष्ठावर मोत्याची चमक असते. बाजूची पृष्ठं काचेसारखी चमकतात. एकाच स्फटिकाला दोन चमकी! मला आजही यापेक्षा सुंदर ओळखखूण ठाऊक नाही. स्टिल्बाइटला तर चाकूही लागत नसे, मधोमध आवळलेली ज्वारीची पेंढीच ती. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. कॅल्साइट फसफसायचा, क्वॉर्ट्‌झ ढिम्म.

हा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांतून पुढे खनिजयुक्त गरम पाणी झिरपलं आणि त्यातून एकेक खनिज जमत गेलं. खालचं आधीचं, त्यावर बसलेलं नंतरचं. आपल्या दगडात क्वॉर्ट्‌झच्या थरावर स्टिल्बाइट आणि त्यावर अपोफायलाइट बसलेला आहे. हा क्रम आम्ही वहीत काढला, तेव्हाच मी भूशास्त्र शिकायचं ठरवलं. आज महाविद्यालयात तेच शिकवते.

सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रयोगशाळा नव्याने सजते आहे, म्हणून एक विनंती. दगड काचेत ठेवा, पण सुटे तुकडे मुलांच्या हातात राहू द्या. आणि गाव, विहीर, खोली लिहिलेली मूळ चिठ्ठी जपा. ठिकाण हरवलं की नमुन्याचं निम्मं मोल जातं.

माझ्याकडचा पुण्याजवळच्या वाघोलीचा एक नमुना शाळेला देते आहे, पांढऱ्या स्टिल्बाइटवर कॅव्हॅन्साइटचे गडद निळे गोळे. तो निळा रंग व्हॅनेडियम या धातूचा, त्यामुळे इथे रंगावर जायला हरकत नाही. खनिज दुर्मीळ आहे, ओरखडू नये. चिठ्ठी सोबत जोडली आहे.