भेकाचं जेवण: रातकिडा, शेवगा आणि चिमूटभर भुकटी

पाळलेला भेक (जमिनीवर राहणारा, खरखरीत अंगाचा बेडूक) उपासमारीने क्वचितच आजारी पडतो. डझनावारी रातकिडे गट्टम करणाऱ्या भेकाचाही जबडा मऊ पडतो, कारण रातकिड्यात मुळातच कॅल्शियम नावापुरतं असतं. पाळीव रातकिड्यात एक भाग कॅल्शियमला सुमारे सात भाग फॉस्फरस भरतो. भेकाला हवं असतं ते नेमकं उलटं: फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. मीलवर्मची (खाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुंग्याच्या अळ्यांची) गत याहून बरी नाही, शिवाय त्यात चरबी जास्त. ही तूट किड्याच्या पोटातून आणि किड्याच्या अंगावरून, अशी दोन्हीकडून भरायची असते. बहुतेक जण फक्त अंगावर कॅल्शियमची भुकटी टाकून मोकळे होतात, आणि मुंबईच्या दमट हवेत आधी फसते ती भुकटीच.

म्हणून आधी पोट. विकत आणलेले रातकिडे बहुधा पुठ्ठा कुरतडत दिवस काढत आलेले असतात. ते थेट भेकापुढे न टाकता २४ ते ४८ तास पोटभर जेवू घालावेत. तीन चमचे नाचणीचं पीठ, एक चमचा वाळवून चुरलेला शेवग्याचा पाला आणि पाऊण चमचा अंड्याच्या टरफलाची पूड, एवढं मिश्रण पन्नासेक किड्यांना पुरतं. पाण्याची वाटी ठेवली तर किडे त्यात बुडून मरतात, त्यापेक्षा लाल भोपळ्याची किंवा गाजराची फोड ठेवावी आणि रोज बदलावी. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. हे मिश्रण रातकिड्यांचा रोजचा खुराक मात्र नव्हे. इतक्या कॅल्शियमवर ते जास्त दिवस तगत नाहीत. एरवी त्यांना साधा कोंडा आणि भाजी द्यावी.

टरफलाची पूड घरी होते. टरफलं दहा मिनिटं उकळून आतला पापुद्रा काढायचा, तव्यावर कोरडी करायची (पावसाळ्यात उन्हाची वाट बघण्यात अर्थ नाही), मिक्सरला लावून मलमलच्या कापडातून गाळायची. पक्ष्यांसाठी मिळणारा समुद्रफेस किसूनही चालतो. पानवाल्याकडचा चुना मात्र चुकूनही नाही! तोही कॅल्शियमच, पण दाहक, आणि भेकाची कातडी नाजूक. मेडिकलमधली कॅल्शियमची गोळी कुटून वापरू नये, कारण तिच्यात बहुधा व्हिटॅमिन डी३ असतं आणि चिमटीत ते किती आलं याचा अंदाज बांधता येत नाही. डी३ जास्त झालं तर कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साठतं.

आता भुकटी. झाकणाच्या छोट्या डब्यात लागतील तेवढेच किडे घ्यायचे, वर चिमूटभर भुकटी टाकायची आणि दोनदा हलवायचं. पोळी लाटताना पिठी लावतो तेवढीच दिसली पाहिजे. भज्याला बेसन लागतं तसा थर झाला तर भेक किडा तोंडातून परत टाकतो. भुकटी लावल्यावर लगेच खाऊ घालावं. पंधरा-वीस मिनिटांत रातकिडा पाय आणि मिशा चाटून बरीचशी साफ करतो, आणि पाण्याच्या वाटीत पडला तर उरलेलीही गेली. म्हणून भेकाला जेवणापुरतं रिकाम्या, उभ्या कडेच्या टबमध्ये ठेवलेलं बरं. टाकीत अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पोटात जाऊन आतडं तुंबण्याचा धोकाही त्याने टळतो.

पूर्ण वाढलेल्या भेकाला आठवड्यातून दोन-तीनदा, दिवेलागणीनंतर, चार ते सहा किडे पुरतात. पिल्लांना रोज द्यावं. किडा भेकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मंद यूव्हीबी दिवा (याच्या अतिनील किरणांत भेक स्वतः डी३ बनवतो) असेल तर दर जेवणाला साधं कॅल्शियम आणि आठवड्यातून एकदा डी३ असलेलं. दिवा नसेल तर डी३ एकाआड एक जेवणाला. मल्टीव्हिटॅमिन पंधरवड्यातून एकदा.

या मल्टीव्हिटॅमिनच्या डब्यावर एक गोष्ट वाचून घ्यायची: व्हिटॅमिन ए रेटिनॉलच्या रूपात आहे की नुसतं बीटा कॅरोटीन आहे. बेडूक-भेकांना कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए पुरेसं बनवता येत नाही, त्यामुळे गाजर खाल्लेला रातकिडा इथे कामाचा नाही. कमतरता जिभेवर दिसते. सुदृढ भेक किडा दिसला की थबकतो, मागच्या पायाचं एक बोट थरथरवतो, जीभ फेकतो आणि मग दोन्ही डोळे आत ओढून घास खाली ढकलतो. व्हिटॅमिन ए कमी पडलेल्या भेकाची नेमबाजी बरोबर असते, जीभ किड्याला लागतेही, पण चिकटत नाही. किडा तसाच चालता होतो. जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशी कोरड्या, कडक झालेल्या असतात. मालकाला वाटतं याला भूक नाही. अशा वेळी डोस स्वतः वाढवू नये, प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. पाय वाकणं किंवा झटके येणं ही कॅल्शियमची खूण, तीही डॉक्टरांचीच गोष्ट. डोळ्यावर पांढुरकी साय दिसली तर उंदराची पिल्लं, सुपरवर्म (मीलवर्मसारख्याच, पण मोठ्या अळ्या) असा चरबीचा खुराक आधी थांबवावा.

जून ते सप्टेंबर भुकटीचे गोळे होतात. लावताना गुठळी एका किड्याला लागते, बाकीचे कोरडे राहतात. महिन्याला लागेल तेवढीच छोट्या घट्ट डबीत काढावी, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. मूळ डबा फ्रीजमध्ये ठेवावा, बाहेर काढल्यावर त्याचा गारठा जाईपर्यंत उघडू नये, नाहीतर आतच पाणी सुटतं. उघडल्याची तारीख मार्करने लिहावी आणि सहा महिन्यांनी उरलेलं टाकून द्यावं. महाग असलं तरी. जीवनसत्त्वं तोवर निकामी होत आलेली असतात.

रातकिड्यांच्या खोक्यातले अंड्याचे ट्रे याच दिवसांत बुरशी धरतात, ते आठवड्याला बदलावेत. जाळी स्टीलची, प्लास्टिकची ते कुरतडतात. मुंग्या आल्या तर खोकं पाण्याच्या परातीत विटांवर ठेवावं. मुंग्यांचा खडू म्हणजे कीटकनाशकच, त्या खोलीतही नको.

रोज रातकिडेच द्यायचे असं नाही. गांडूळ हा उत्तम खुराक, त्यात कॅल्शियमचं गणित बरंच जमतं. पण गांडूळखताच्या पिशवीतलं छोटं लालसर गांडूळ पिवळा कडवट द्रव सोडतं आणि भेक ते थुंकतो. जाडसर, जांभळट आफ्रिकन जात घ्यावी, धुऊन, गरज पडली तर तुकडे करून. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपात वळवळणाऱ्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या कॅल्शियमने भरलेल्या असतात, फक्त पिंपावर फवारणी झालेली नाही ना, ते विचारून घ्यावं. स्वयंपाकघरातलं झुरळ नको, ते कुणाच्या तरी घरचं झुरळं मारायचं जेल खाऊन आलेलं असू शकतं. काजवा तर विषारीच.

पहिल्या पावसात दिव्याभोवती वाळवीची पाखरं जमतात. भेक त्यांच्यावर तुटून पडतो आणि ती मऊ असल्याने पचतातही छान. त्या आठवड्यात गल्लीत धूरफवारणी किंवा इमारतीत पेस्ट कंट्रोल झालं नसेल तरच द्यावीत, दहा-बारा पुरे.