नाही, बँक ऑफ इंग्लंड आमची नाही

"तुम्ही ज्यू ना? मग खरं सांगा, जगातला सगळा पैसा तुमच्याच लोकांच्या हातात आहे ना?" हे लग्नात विचारतात, लोकलमध्ये विचारतात, सोसायटीची मीटिंग संपल्यावरही विचारतात. आणि बहुतेक वेळा कौतुकानं विचारतात, त्यामुळे धड चिडताही येत नाही. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजोबांपर्यंत रेवदंड्याला तेलाचा घाणा, शनिवारी बंद, म्हणून गावात 'शनवार तेली'. वडील रेल्वेत कारकून. ठाण्याच्या दोन खोल्यांचे हप्ते भरताना त्यांना जग चालवणाऱ्यांपैकी कुणी भेटल्याचं ऐकिवात नाही.

अलिबागचा एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी शाळेतले मित्र तिथं जमलो होतो. एक जण जन्मभर लाल बावट्याच्या युनियनमधला, दुसरा लहानपणापासून शाखेतला. त्या दोघांचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. जेवणं उरकली, हातात सोलकढीचे पेले होते, आणि युनियनवाल्यानं सुरुवात केली. "वॉटर्लूला नेपोलियन हरला, ती बातमी लंडनच्या ज्यू बँकर रॉथशिल्डला सगळ्यांच्या आधी कळली. पठ्ठ्यानं इंग्लंड हरल्याची हूल उठवली, बाजार पाडला, मातीमोल भावात सगळं उचललं. बँक ऑफ इंग्लंडच घशात घातली. भांडवलशाही म्हणतात ती हीच!"

आता शाखावाला खोडून काढणार म्हणून मी वाट बघत होतो. तो मान डोलावत होता. "अरे म्हणून तर म्हणतो, डोकं चालवावं ते यांनी. आपल्या लोकांना नाही जमायचं." त्यानं मोबाइल पुढे केला. पृथ्वीला विळखा घातलेला ऑक्टोपस, त्याला हे एवढं बाकदार नाक. त्याच्या लेखी हे कौतुकाचं चित्र. मग दोघं माझ्याकडे वळले. "तुला तर आतलं ठाऊक असेल!"

मी सांगितलं. नेथन रॉथशिल्ड वॉटर्लूला नव्हताच. ही कथा गाजली ती १८४६ साली पॅरिसमध्ये निघालेल्या, 'सैतान' अशी सही असलेल्या एका पुस्तिकेमुळे. लिहिणारा डाव्या विचारांचा, धनिकांवर खवळलेला. नेथनला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. १९४० मध्ये नाझींनी तीच कथा उचलून सिनेमा काढला. आणि बँक ऑफ इंग्लंड १९४६ पासून ब्रिटिश सरकारच्या मालकीची आहे.

"आगीशिवाय धूर निघत नाही," युनियनवाला म्हणाला. "तू कशाला मनाला लावून घेतोस? आम्ही स्तुतीच करतोय," शाखावाला म्हणाला. दोघं पुन्हा एका बाजूला.

ती स्तुती मला नको आहे. 'सगळं यांच्या हातात' हे वाक्य आज टाळ्या वाजवून म्हटलं काय आणि उद्या दात-ओठ खाऊन म्हटलं काय, वाक्य तेच राहतं. प्रत्येक चळवळीला आपण का हरतो याचं एक उत्तर लागतं, आणि हे आयतं मिळतं. कामगाराला सांगायचं, ज्यू म्हणजे सावकार. सावकाराला सांगायचं, ज्यू म्हणजे बोल्शेविक. १९०३ मध्ये रशियात छापलेले ते ज्यूंच्या कटाचे 'प्रोटोकॉल्स' घ्या. १९२१ साली लंडनच्या 'टाइम्स'नं उघड केलं, की तो मजकूर १८६४ च्या एका फ्रेंच उपहासिकेतून चोरलाय, आणि त्या पुस्तकाचा ज्यूंशी काही संबंधच नव्हता. तरी तो नाझींना चालला, १९८८ च्या हमासच्या सनदेलाही चालला. स्टालिनच्या मॉस्कोला तर त्याचीही गरज पडली नाही. जानेवारी १९५३ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वर्तमानपत्रानं विषप्रयोगाच्या कटात डॉक्टर 'सापडल्याचं' छापलं, त्यांतले बरेचसे ज्यू. स्टालिन मेल्यावर महिन्याभरात सगळं बनावट निघालं.

इस्रायल सरकारवर टीका करा, खुशाल करा, मीही करतो. हे ते नव्हे.

कोकणात शतकानुशतकं आमच्या केसाला कुणी धक्का लावला नाही, युरोपची ही घाण इथं कशाला चघळायची, असं मी तिशीत म्हणायचो. तो तिशीतला मी अजून भांडतो माझ्याशी. त्याचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. आई गेली तेव्हा कब्रस्तानात सगळ्यात आधी हा शाखावालाच पोचला होता. त्याला ज्यूद्वेष्टा म्हणू? पण २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला आलेली अकरा माणसं मारली गेली, त्यांतल्या एक बाई ९७ वर्षांच्या. मारणाऱ्याची खात्री होती, की निर्वासितांना देशात घुसवतात ते ज्यूच. तोही कुणाच्या तरी गप्पांत मान डोलावूनच तिथवर आला असेल.

परवा ग्रुपवर शाखावाल्यानं जॉर्ज सोरोस या अमेरिकेतल्या ज्यू अब्जाधीशावरचा फॉरवर्ड टाकला. या वेळी कौतुक नव्हतं. युनियनवाल्यानं लगेच लिहिलं, "हे साफ खोटं आहे, असल्या अफवा पसरवू नका."

मी त्याला खासगीत विचारलं, मग अलिबागला काय झालं होतं?

"रॉथशिल्डचं वेगळं रे," तो म्हणाला.